दीड किलो कांदा, एक रात्र आणि एक स्लो कुकर

आषाढ शुद्ध नवमीला तुमच्या घरी काय असतं? म्हणजे घरी चातुर्मास पाळत असतील तर. आमच्याकडे त्या दिवशी आजीचा उत्साह नुसता उतू जात असतो. सकाळी कांद्याची थालीपीठं, दुपारी कांद्याचं पिठलं, संध्याकाळी खेकडाभजी. दोनच दिवसांनी एकादशी, चातुर्मास सुरू, मग कांदा-लसूण चार महिने बंद. म्हणून ही कांदेनवमी. एकदाचा काय तो पोटभर खाऊन घ्या!

यंदा मात्र मी घरी नव्हते. आणि आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत अर्धी गोणी कांदा होता.

कांदा कुठून आला ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. माझी रूममेट निफाड तालुक्यातली. लासलगावची बाजार समिती तिच्या गावापासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघाला, चाळीत भरला, भाव वाढेल म्हणून ठेवला, तो काही वाढला नाही. "नेला तर गाडीभाडं सुटायचं नाही, त्यापेक्षा तुम्ही खा," असं म्हणून तिच्या बाबांनी येणाऱ्याच्या हाती अर्धी गोणी पाठवून दिली. आम्ही चौघी. चौघींनी रोज कांदापोहे खाल्ले तरी किती खाणार? त्यात बाहेर पाऊस. दमट हवेत एक कांदा सडला की शेजारचे चार घेऊन जातो, हे तुम्ही घरात कधी ना कधी वासावरून शोधलं असेलच.

मग प्रश्न असा पडला की जगात असा कुठला पदार्थ आहे, ज्यात कांदा चवीपुरता नाही तर किलोने लागतो? उत्तर मिळालं फ्रेंच ओनियन सूप. आणि कपाटाच्या वर न उघडलेल्या खोक्यात मावसबहिणीने अमेरिकेहून आणलेला स्लो कुकर होता. जुळलं की!

नाही जुळलं. पण ते नंतर.

आधी हे सूप आहे काय ते बघू. आपल्याकडे सूप म्हटलं की पातळ, गाळलेलं, कॉर्नफ्लोअर लावलेलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हे तसं नाही. भरपूर कांदा लोण्यावर अगदी मंद आचेवर परतत परतत गडद तपकिरी करायचा, त्यात स्टॉक घालून उकळायचं, बाऊलमध्ये ओतून वर शिळ्या पावाचा तुकडा, त्यावर किसलेलं चीज, आणि ते चीज भट्टीत बुडबुडे येऊन खरपूस होईपर्यंत भाजायचं. सूप वरून झाकलेलंच येतं. चमच्याने ते झाकण फोडून खायचं.

फ्रेंच लोक याला एक राजेशाही गोष्ट चिकटवतात. पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास लेश्चिन्स्की, म्हणजे पंधराव्या लुईचा सासरा, मुलीला भेटायला व्हर्सायला निघाला होता. वाटेत शालोंच्या एका खाणावळीत त्याने हे सूप खाल्लं आणि ते इतकं आवडलं की स्वयंपाक्याकडून शिकून घेतल्याशिवाय तो हललाच नाही म्हणे. ही गोष्ट खरी की खोटी, देव जाणे. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त पटते, कारण ती बाजाराची आहे.

पॅरिसच्या मधोमध 'ले आल' नावाचा प्रचंड घाऊक बाजार होता. भाजी, मांस, मासे, लोणी, सगळं शहर तिथून जेवायचं. एमिल झोलाने १८७३च्या कादंबरीत याच बाजाराला 'पॅरिसचं पोट' म्हटलंय. रात्रभर गाड्या रिकाम्या करणारे हमाल पहाटे थंडीत जे खायचे ते हे कांद्याचं सूप. स्वस्त कांदा, शिळा पाव, थोडं चीज, आणि पोटात ऊब. त्याच टेबलांवर रात्रभर पार्टी करून घरी निघालेली श्रीमंत मंडळीही पहाटे तेच सूप प्यायला यायची. १९६९मध्ये हा बाजार शहराबाहेर रुंजिसला हलवला. आपला मुंबईचा घाऊक कांदा-बटाटा बाजार वाशीला गेला ना, तसंच. जुन्या बाजाराच्या जागी आता मॉल आणि मेट्रो स्टेशन आहे. पण १९४७मध्ये तिथे सुरू झालेलं 'ओ पिए द कोशाँ' हे रेस्टॉरंट अजून आहे, आणि त्याचं कांद्याचं सूप अजून प्रसिद्ध आहे. थोडक्यात, आज आपल्याकडे मेनूकार्डवर तीनशेच्या पुढच्या आकड्याने मिरवणारा हा पदार्थ मुळात हमालांचा.

आता भांडं. स्लो कुकर म्हणजे चिनी मातीचं जाड भांडं, बाहेरून गुंडाळलेली हीटिंग कॉइल, वर काचेचं झाकण आणि एक बटण: लो, हाय, वॉर्म. शिट्टी नाही, प्रेशर नाही. प्रेशर कुकरच्या बरोब्बर उलटा स्वभाव. याचा जनक आयर्विंग नॅक्सन हा शिकागोचा इंजिनिअर. त्याच्या आईचं बालपण लिथुआनियातल्या व्हिल्नामधलं. तिथल्या ज्यू घरांत शुक्रवारी सूर्यास्तानंतर शब्बाथ सुरू झाला की चूल पेटवायची नाही. मग बायका त्याआधीच कडधान्य-मांसाचं भांडं गल्लीतल्या बेकरीत नेऊन ठेवायच्या. विझत चाललेल्या भट्टीच्या उबेवर ते रात्रभर शिजायचं. या पदार्थाला म्हणतात चोलंट. आईची ही आठवण ऐकून नॅक्सनने विजेवर चालणारी तशी भट्टी बनवली, १९४०मध्ये पेटंट मिळवलं. पुढे १९७०मध्ये त्याने धंदा रायव्हल नावाच्या कंपनीला विकला आणि १९७१मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' या नावाने अमेरिकेत घरोघरी पोचलं.

हे आजीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे वैलच की." चुलीच्या बाजूला जी दुसरी तोंडाची जागा असते ना, जिथे जाळ नसतो, नुसती धग असते, तो वैल. त्यावर डाळ नाहीतर दूध तासन् तास बसलेलं असायचं. आम्ही हजारो मैल फिरून परत आजीच्या चुलीपाशी!

पहिला प्रयत्न, अर्थात फ्लॉप

खोकं उघडलं आणि नशिबाने प्लग आपल्या सॉकेटला बसला नाही. अ‍ॅडॉप्टर आणायला कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले, तर काकांनी भांड्याच्या बुडाची पट्टी वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं की बस. "ताई, हे एकशेवीस व्होल्टचं आहे. आपल्याकडे दोनशेतीस. नुसतं अ‍ॅडॉप्टर लावलं असतं तर धूर निघाला असता." व्होल्टेज जवळपास दुप्पट झालं की उष्णता दुप्पट नाही, जवळपास चौपट होते. अकरावीच्या फिजिक्समध्ये मार्क मिळवून देणारा तो फॉर्म्युला इथे फ्लॅट जाळू शकतो. तेव्हा तुमच्याही घरी परदेशातल्या नातेवाइकांनी दिलेलं काही गरम होणारं यंत्र असेल तर आधी बुडाची पट्टी वाचा. मला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागला, तोही कुकरच्या अडीचशे वॅटच्या दुप्पट क्षमतेचा. इथेच घेतलेला स्लो कुकर असेल तर ही भानगडच नाही. काही इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्येही 'स्लो कुक' हे बटण असतं, तेही चालेल. राइस कुकर मात्र नाही. त्याचा 'वॉर्म' मोड शिजवण्याइतका गरम नसतो आणि 'कुक' मोड पाणी आटलं की आपोआप बंद होतो.

मग मी सगळ्यांसारखंच केलं. स्लो कुकरची ख्यातीच अशी की सगळं कोंबा, बटण दाबा, विसरा. अर्धा किलो कांदा, एक लिटर पाणी, मीठ, मिरी, लोणी, एकत्र घातलं आणि कॉलेजला गेले. आठ तासांनी आले तर जिन्यापासून वास. झाकण उघडलं. फिकट पाण्यात फिकट कांदे. माझी रूममेट एक चमचा पिऊन म्हणाली, "हे आजारी माणसाला देतात तसं कढण झालंय." तिने बाकीचं शांतपणे आमटीत वापरलं. शेतकऱ्याच्या घरची मुलगी, टाकून द्यायचं नाव नाही.

चूक कुठे झाली? उत्तर कांद्याच्या आतच आहे. कांद्यात साधारण ८९ टक्के पाणी असतं. उरलेल्यात चार-पाच टक्के साखर. कच्चा असताना ही साखर जाणवत नाही, कारण गंधकाची तिखट संयुगं तिच्यावर मात करतात. कांदा शिजला की ती उडून जातात आणि गोडवा वर येतो. पण सूपची खरी चव नुसत्या गोडव्यात नाही, तपकिरी रंगात आहे. साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडून जी शेकडो नवी चविष्ट संयुगं बनतात, तो हा रंग. फ्रेंच डॉक्टर-रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मायार याने १९१२मध्ये ही प्रक्रिया मांडली. पावाचा कवच, भाजलेली कॉफी, तव्यावरच्या भाकरीचे डाग, सगळीकडे मायारच. ही क्रिया १४० अंशांच्या वर झपाट्याने होते. स्लो कुकर मात्र शंभरच्या आतच राहतो. मग त्यात कांदा लाल होणार कसा?

होतो, फक्त वेळ लागतो. काळा लसूण बघितलाय? तो तर शंभरपेक्षा बऱ्याच कमी तापमानात, पण कित्येक आठवडे ठेवून काळा करतात. तापमान कमी असेल तर वेळ द्यायचा. एकच अट, कांद्याची साखर पाण्यात वाहून जाता कामा नये. मी पहिल्याच मिनिटाला लिटरभर पाणी ओतून मायारसाहेबांना बुडवलं होतं.

दुसरा प्रयत्न

तर आता नीट. कांदेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सात वाजता.

दीड किलो उन्हाळ कांदा. हा कांदा कोरडा, घट्ट, टिकाऊ असतो, म्हणून चाळीत राहतो आणि म्हणूनच सूपला बरा. खरिपाचा लाल कांदा जास्त पाणीदार, त्याला आटायला आणखी वेळ द्या. अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तो मुळातच गोडसर, पण शिजवून शिजवून गोड करायचंच असेल तर त्यासाठी त्याचे पैसे कशाला? तो कोशिंबिरीलाच शोभतो. कांदा उभा, मध्यम जाड चिरायचा. फार पातळ चिरलात तर सकाळी लगदा सापडेल.

दीड किलो कांदा चिरताना रडू येणार. कांद्याची पेशी फुटली की आतलं एन्झाइम कामाला लागतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. हे काम एका खास वेगळ्या एन्झाइमचं आहे, हे जपानच्या संशोधकांनी २००२मध्ये दाखवलं आणि त्याबद्दल त्यांना २०१३मध्ये गमतीशीर इग नोबेलही मिळालं. थंडीत ही एन्झाइमं सुस्तावतात, म्हणून कांदे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. सुरी धारदार घ्या, बोथट सुरी पेशी जास्त चिरडते. आणि मुळाकडचा भाग शेवटी कापा. हे सगळं करूनही आम्ही दोघी रडलो. रूममेट म्हणाली, तिची आई शेतात दिवसभर कांद्याची पात कापते, तिला काही होत नाही. मी तिच्याकडे बघितलं तर तिच्याही डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "हॉस्टेलला राहून सवय गेली गं," म्हणाली.

चिरलेला कांदा, ५० ग्रॅम लोणी, एक मोठा चमचा तेल, एक लहान चमचा मीठ. बस. पाण्याचा थेंब नाही. साखर नाही, ती लबाडी आहे. साडेपाच लिटरचं आमचं भांडं काठोकाठ भरलं. बटण 'लो'वर, झाकण बंद. सुरुवातीच्या तासांत झाकण उघडून बघायचा मोह होतो. नका उघडू, एकदा उघडलं की गेलेली उष्णता परत यायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

रात्री तीनला लाइट गेली. पाऊस होताच. जाड भांडं बराच वेळ गरम राहतं, त्यामुळे चाळीस मिनिटांत काही बिघडलं नाही, आणि आमचं फिरवायचं बटण असल्याने लाइट आल्यावर कुकर आपला आपण सुरू झाला. डिजिटल असेल तर तो बंदच राहू शकतो, हे लक्षात असू द्या. नुसत्या कांद्याचं ठीक, पण आत चिकन असेल आणि वीज दोन तासांहून जास्त गेली असेल तर हळहळत बसू नका, टाकून द्या. जाता जाता अजून एक, कारण स्लो कुकर घेतला की पुढचा विचार हमखास राजम्याचा येतो. कच्चा राजमा थेट यात घालू नका. त्यातलं विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही. भिजवून, ते पाणी फेकून, आधी गॅसवर चांगला अर्धा तास खदखदा उकळा, मगच इकडे.

पहाटे पाचला उठून झाकण काढलं. कांदा निम्म्याहून खाली बसला होता, रंग चहासारखा, आणि त्याच्याच पाण्यात पोहत होता. इथे ती युक्ती: एकदा ढवळायचं आणि झाकणाखाली लाकडी उलथन्याची दांडी आडवी ठेवून फट ठेवायची. वाफ निघून जाते, रस आटतो. आठ वाजता बघितलं तर गडद, चकचकीत, जॅमसारखं. भांडंभर कांद्याचे जेमतेम अडीच वाट्या झाले होते. मी तो कढईत काढून दहा मिनिटं मोठ्या आचेवर परतला. हे शुद्धतावाद्यांना आवडणार नाही, पण शेवटचा खरपूसपणा स्लो कुकर देत नाही, हे मान्य करा आणि पुढे चला. परततानाच एक चमचा मैदा घातला की सूपला थोडा दाटपणा येतो.

मग सगळं परत कुकरमध्ये, वर सव्वा लिटर गरम स्टॉक. फ्रेंच लोक बीफचा वापरतात. आम्ही मशरूमचे दांडे, गाजर, लसूण, मिरी उकळून गाळलेलं पाणी घेतलं आणि एक चमचा सोया सॉस. व्हाइट वाइन घालतात, आमच्याकडे नव्हती, शेवटी चमचाभर व्हिनेगर घातलं. गोडव्याला आंबट धक्का हवा असतो, तो कशानेही द्या. रेसिपीत 'बे लीफ' दिसलं म्हणून डब्यातलं तमालपत्र घालू नका, ती दोन वेगळी झाडं आहेत. आपलं तमालपत्र दालचिनीच्या घराण्यातलं, सूपला बिर्याणीचा वास येतो. थाइम मिळालं तर चिमूटभर घाला, नाहीतर राहू द्या. 'हाय'वर दोन तास.

पावासाठी बगेत शोधत हिंडू नका. इराणी बेकरीतला ब्रुन पाव कडक असतो, सूपमध्ये विरघळत नाही. एक दिवस शिळा असेल तर उत्तम. चीज खरं तर ग्रुयेर लागतं. ते महाग, शिवाय वासराच्या पोटातलं रेनेट वापरून बनवतात, म्हणजे शाकाहारी मंडळींना चालणार नाही. आम्ही निम्मं मोझरेला, निम्मं चेडर किसलं. क्यूबवालं प्रोसेस्ड चीज वितळतं, पण तसं खरपूस होत नाही. आणि स्लो कुकरचं गरम मातीचं भांडं उचलून ओव्हनमध्ये घालायचा आगाऊपणा करू नका, तडकू शकतं. आम्ही पाव-चीज वेगळं ओटीजीत वरच्या कॉइलखाली भाजून बाऊलमध्ये सोडलं. ओटीजी नसेल तर तव्यावर झाकण ठेवून. रंग कमी येईल, जीव काही जाणार नाही.

हिशेब विचाराल तर, अडीचशे वॅटचा कुकर पंधरा तास पूर्ण ताकदीने चालला तरी पावणेचार युनिट. म्हणजे फार वीज वाचते असं काही नाही. गॅसवर हाच कांदा सव्वा-दीड तासात होतो. (दहा मिनिटांत कांदा कॅरमलाइज करा म्हणणाऱ्या रेसिपी बंद करून टाका.) पण तो सव्वा-दीड तास तुम्ही उलथनं धरून उभे असता. इथे आम्ही झोपलो होतो. आणि घरमालकांना सकाळी जिन्यात आलेला वास? त्यांनी विचारलं, भजी आहेत का. एक बाऊल पाठवून दिला.

दुपारी चौघी खायला बसलो. रूममेटने बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि बाऊल कॅमेऱ्यासमोर धरला. काका चाळीत उभे होते, मागे जाळीतून कांदा दिसत होता.

"हे काय, चहा का?"

"सूप आहे बाबा. कांद्याचं. दीड किलोचं एवढंच झालं."

काका थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "दीड किलोचे चार वाडगे. हॉटेलात केवढ्याला देतात म्हणे एक?"

तिने आकडा सांगितला. काकांनी तो परत विचारला, आणि तिने परत सांगितला. मागे कोणीतरी हाक मारली, त्यांनी मान वळवून "आलो" म्हटलं. फोन हलला, चाळीचं छत दिसलं, मग परत त्यांचा चेहरा.

"बरं पोरींनो," ते म्हणाले, "मग अजून अर्धी गोणी पाठवू का?"

शनिवारी येतेय.